खिडकीपलीकडची सोबत

दुपारची जेवणं उरकली की वॉर्डाला गुंगी येते. नोकरीभर मी हे पाहिलं. थंडीचे दिवस असले की पंखे बंद असतात आणि उन्हाचे पट्टे एका खाटेवरून दुसरीवर सरकत जातात. नातेवाईक खाटेखाली सतरंजी टाकून लवंडतात. शहाणी नर्स त्या वेळी बोलत नाही, नुसती फिरते. निवृत्त होऊन घरी बसले तरी त्या घटकेला माझे डोळे आपोआप जड होतात. नेपियर टाउनमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर उन्हात खाट टाकून पडले की रुग्ण यायला लागतात. काही खरे, काही मी स्वतः बनवलेले. कोणता कुठला, हे आता मला चटकन सांगता येत नाही.

बनवलेले रुग्ण म्हणजे काय ते सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल, बाईंचं वय झालं.

मी जबलपूरच्या एका मोठ्या इस्पितळात आधी परिचारिका होते आणि नंतर त्याला जोडलेल्या नर्सिंग कॉलेजात संशोधन शिकवत होते. नर्स संशोधन करते म्हटलं की लोक हसू दाबतात. माझ्या नणंदेने एकदा विचारलं होतं, "काहून वहिनी, सुई टोचायची त्यात काय शोधून राहिल्या तुम्ही?" प्रश्न रास्त होता. तिला सांगितलं तेच इथे सांगते. ताप मोजायला थर्मामीटर आहे. पण आराम कशाने मोजायचा? थकवा, धास्ती, आशा, हे सगळं रोज आमच्या हाताखालून जातं. डॉक्टर फेरी मारून जातात, बाकीचा दिवस रुग्ण आमच्याकडे असतो आणि त्या दिवसात जे घडतं त्याला धड नावही नसतं. ते मोजायचं तर आधी ते म्हणजे काय हे ठरवावं लागतं. म्हणजेच व्याख्या करावी लागते. आणि ती अशी पाहिजे की सकाळच्या पाळीची नर्स आणि संध्याकाळच्या पाळीची नर्स, दोघींनी एकाच माणसाकडे पाहून एकच उत्तर द्यावं.

हे लिहायला सोपं आहे, करायला बसलं की डोकं गरगरतं. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. व्याख्या लिहून झाली की तिच्यासाठी गोष्टीतले रुग्ण बनवायचे. एक असा, ज्याच्यात ती गोष्ट पुरेपूर आहे. एक काठावरचा, आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. आणि एक अगदी उलटा, ज्याला पाहून कोणीही म्हणेल की इथे ती गोष्ट नाहीच. या तिघांना व्याख्येच्या दारातून चालवून पाहायचं. हवा तो आत गेला, नको तो बाहेर राहिला, तर व्याख्या जमली. असे किती तरी रुग्ण मी बनवले. त्यांना गावं दिली, सुना दिल्या, चष्मे दिले, एकाला तर पोपट दिला होता. तेच आता दुपारी माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसतात.

घरी या सवयीचा फार त्रास झाला. आमचे हे टेलिफोन खात्यात होते, सरळ माणूस. "भाजी चांगली झाली" म्हणाले की मी विचारायची, "चांगली म्हणजे?" एकदा वैतागून म्हणाले, "तू जेवून राहिली का परीक्षा घेऊन राहिली?" त्यानंतर ते भाजीबद्दल बोलेनासेच झाले. आवडली की मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. ही व्याख्या मला पटली.

विद्यार्थ्यांना मी कमी छळलं नाही. एका मुलाने आशेची व्याख्या लिहून आणली होती. वाचता वाचता माझे डोळे भरून आले आणि मी ती त्याला परत केली. "बेटा, ही व्याख्या नाही, या शुभेच्छा आहेत," म्हटलं. एकीचा अभ्यास झोपेवर होता. डोळे मिटलेले, श्वास संथ, अंग स्थिर, ही तिची झोप. तिच्या वॉर्डात फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक फिटर होते. जागा माणूस सापडला की त्याला सुई टोचतात, असा त्यांचा अनुभव. त्यामुळे पांढऱ्या कपड्यातलं कोणी दिसलं की ते डोळे मिटून घ्यायचे. तिच्या कागदांप्रमाणे साऱ्या वॉर्डात सगळ्यात गाढ झोपणारा माणूस हाच. प्रत्यक्षात बिचारे दिवसभर पहारा देत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काका, सुई नहीं, अमरूद लाई हूँ." त्यांनी एक डोळा उघडला. पेरू खरंच होता, म्हणून मग दुसराही उघडला. त्या दिवशी झोपेच्या व्याख्येत आम्ही एक ओळ वाढवली: माणसाला विचारायचं, झोप झाली का.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण गच्चीवर सगळ्यात जास्त वेळा येतात ते दाऊ, आणि त्यांच्यामागे डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई, जिचा चेहरा मला कित्येक वर्षं माहीत नव्हता.

तेव्हा माझ्या हाताखाली मीनल देशकर नावाची मुलगी एम. एस्सी. करत होती. जबलपुरातच, ओमती भागात त्यांचं घर. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा आमचे अमरावतीकडचे सगळे सोयरे रेषेच्या पलीकडे गेले आणि आमच्यासारखी काही घरं इकडेच राहिली, त्यातलंच मीनलचं. मराठी तिला कळायची सगळी, बोलताना मात्र दर दोन शब्दांनी हिंदी. "मी घरी मराठी बोलून राहिली की आजी टोकते ना मॅडम, म्हणून मी चुपच बसते," असं ती सांगायची. माझ्यासमोर मात्र चुप बसायची नाही.

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं इस्पितळात फार बावरतात. चादर ओढतात, नळ्या उपसतात, केव्हाच गेलेल्या माणसांना हाका मारतात. जवळ सोबत असली तर ही बेचैनी कमी होते का, हे मीनलला पाहायचं होतं. बेचैनी कशी मोजायची याची तयार पद्धत होती. सोबतीची नव्हती. ती आम्ही दोघींनी मिळून घासूनपुसून तयार केली: रुग्णाच्या नात्यातली व्यक्ती, हाताच्या अंतरावर, जागी, त्याच्याशी बोलणारी, त्याला स्पर्श करणारी. पुरेपूर सोबत असलेली रुग्ण म्हणून आम्ही एक आजी बनवल्या आणि त्यांचा हात हातात धरून बसलेली लेक बनवली. फार गोड आजी होत्या. अजून येतात कधी कधी.

आमचे अधीक्षक साहेब शस्त्रक्रियेत निष्णात आणि बोलायला तिखट होते. पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डामागचा लांब व्हरांडा त्यांच्या डोळ्यात खुपायचा. तिथे पथाऱ्या, स्टोव्ह, वाळत घातलेल्या साड्या, मटारच्या टरफलांचे ढीग. वॉर्डात जखमा चिघळत होत्या, तेव्हा साहेबांचंही काही चुकत नव्हतं. मीनलच्या अभ्यासाला परवानगी देताना त्यांनी व्याख्या वाचली आणि म्हणाले, "यही तो मैं ढूंढ रहा था, मैडम. साफ, सीधी बात." त्याच व्याख्येवरून त्यांनी पासाचा नियम केला. जो खाटेजवळ बसून सेवा करतो त्याला एक पास, बाकी सगळ्यांनी फाटकाबाहेर. पुढच्या आठवड्यापासून व्हरांडा रिकामा होणार होता. मला अभिमान वाटला. नर्सिंग कॉलेजात लिहिलेलं वाक्य थेट इस्पितळाच्या फाटकावर पोचतं, हे आमच्याकडे त्याआधी घडलं नव्हतं.

त्याच दिवसांत खिडकीजवळच्या खाटेवर दाऊ आले. सिहोऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातले. दाऊ म्हणजे तिकडे घरातला वडीलधारा. भाऊ त्यांना दाऊ म्हणायचा, म्हणून सगळा वॉर्ड तेच म्हणू लागला. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ मटारच्या तोडणीत अडकलेला, अधूनमधून बसने यायचा, पायाशी घटकाभर बसून परत जायचा. एरवी खाटेजवळ कोणी नाही. मीनल ठरलेल्या वेळी येऊन पाहायची आणि लिहायची, सोबत नाही.

पण बेचैनीही नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे दोन मुलगे आळीपाळीने त्यांचा हात धरून बसायचे आणि ते आजोबा ओरडून वॉर्ड डोक्यावर घ्यायचे. दाऊ छताकडे पाहत शांत पडलेले. फक्त खोकायचे. तेही एकदाच, कोरडं, मग थोडा वेळ गप्प. आम्ही छाती तपासली, फोटो काढला, खोकल्याचं औषध सुरू केलं. दाऊ औषध निमूटपणे प्यायचे आणि पुन्हा खोकायचे.

मीनल माझ्या खोलीत आली. "मॅडम, एक पेशंट सगळी गडबड करून राहिला. सोबत नाही, तरी एकदम शांत. त्याला स्टडीतून काढून टाकू का?"

"काहून काढतेस?"

"बसतच नाही ना व्याख्येत."

"मग व्याख्या काढ. माणूस कशाला काढतेस?"

"मॅडम, इतकी मेहनत केली आपण तिच्यावर," ती कुरकुरली. मेहनत मीही केली होती. म्हणून मीही म्हटलं, बघू, थोडे दिवस जाऊ दे.

मग नियम लागू झाला. सकाळी चौकीदारांनी व्हरांडा रिकामा केला, फरशी फिनाइलने धुतली. दुपारपर्यंत दाऊंचा खोकला वाढला. एकदा, मग पुन्हा, मग सारखाच. त्यांनी चादर उपसली, सलाईनची नळी ओढली, कोपरावर जोर देऊन उठायला लागले. खुबा नुकताच जोडलेला. उठले असते तर जोड निसटला असता, आणि त्या वयात दुसरं ऑपरेशन शरीराने सोसलं नसतं. साहेबांना वाटलं छातीत काही वाढलं. तसं काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दाऊंनी तोंडात घासही घेतला नाही. शेवटी हात मऊ पट्टीने खाटेला बांधावे लागले. मी नर्स म्हणून पुष्कळांचे हात बांधले आहेत, पण बांधलेल्या हातांचा तो म्हातारा दाराकडे नाही, खिडकीकडे मान वळवून खोकत होता, ते मला बघवलं नाही. असा माणूस फार दिवस काढत नाही, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

दाऊंच्या गावचं कोणी भेटतं का ते पाहायला मीनल फाटकापर्यंत गेली. भिंतीबाहेर कडुनिंबाखाली एक बाई बसली होती. गुडघ्यापर्यंत पदर, बाजूला गाठोडं आणि पितळी लोटा.

"किसके साथ हैं आप?" मीनलने विचारलं.

"दाऊ के."

"फिर इतने दिन अंदर क्यों नहीं आईं?"

"हम कैसे आएँ, दीदी. हमारे जेठ हैं."

ती दाऊंच्या धाकट्या भावाची बायको. पहिल्या दिवसापासून ती व्हरांड्यात, दाऊंच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून बसलेली होती. दलिया शिजवून आयाच्या हाती आत पाठवायची. आम्ही तिला रोज ओलांडून गेलो होतो. मीनल धावत माझ्याकडे आली, तोंडभर हसू. "मॅडम, मिळाली, दाऊंची माणूस मिळाली." तिने साहेबांच्या सहीचा पास आणला. त्यावर नावाच्या जागी काय लिहायचं म्हणून कारकुनाने विचारलं तर ती बाई म्हणाली, बहू. त्याने तेच लिहिलं.

मी त्या वेळी वॉर्डात होते. आजारपणात कसला पडदा, असं मलाही वाटलं होतं. मीनलने बहूला हाताला धरून खाटेजवळ आणलं. बहूने पदर आणखी खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दाऊंनी मान दुसरीकडे वळवली, डोळे घट्ट मिटले. बांधलेल्या हातांची बोटं चादरीत रुतली आणि कपाळावर घाम आला. आमच्या व्याख्येप्रमाणे नात्यातली व्यक्ती होती, हाताच्या अंतरावर होती, जागी होती. मीनल पेन धरून उभी होती आणि तिला काही लिहिता येत नव्हतं.

बहू भिंतीशीच हळू बोलली, "दीदी, हमें बाहर कर दो. दाऊ को लाज लग रही है."

स्वतःला लाज वाटते असं ती म्हणाली नाही. मी तिला बाहेर घेऊन गेले. धुतलेल्या व्हरांड्यात दुपारचं ऊन एकटंच पसरलं होतं. ती आपल्या जुन्या जागी, खिडकीखाली, भिंतीला पाठ टेकून बसली आणि लोटा जवळ ओढून घेतला. मी दारात थांबले, जिथून दोघं दिसत होती. वॉर्डाला गुंगी आलेली. कुठेतरी कबुतर घुमत होतं.

दाऊ खोकले. एकदाच, कोरडं.

बहूने हातातली बांगडी लोट्यावर वाजवली. टण.

दाऊंची बोटं चादरीतून सुटली. थोड्या वेळाने ते पुन्हा खोकले, आता हळू. पुन्हा टण. मीनलने दलियाचा चमचा पुढे केला. त्यांनी खिडकीकडे मान ठेवूनच तोंड उघडलं. मला तिथे रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, कारण मीनलचं लक्ष चमच्याकडे होतं आणि बाकीचा वॉर्ड झोपलेला होता. संध्याकाळच्या आत आम्ही पट्ट्या सोडल्या.

बहूने नंतर सांगितलं ते असं. सासू नसलेल्या घरात ती लग्न करून आली. घरात मोठे एकटे दाऊच. जेठाने भावजयीचं तोंड पाहायचं नाही, दोघांनी बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. दाऊ शेतातून येताना देहरीवर, म्हणजे उंबऱ्याशी, खाकरायचे, म्हणजे बहूने पदर घ्यावा. ती लोटा वाजवायची, म्हणजे आता आत या. सारा संसार असा झाला. "अब दाऊ आ तो सकते नहीं," ती म्हणाली, "सो खांसकर पूछते हैं कि बहू, हो? हम कह देते हैं, हैं." इतक्या वर्षांत दाऊंनी तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. आणि आम्ही तिकडे बाटलीवर बाटली खोकल्याचं औषध पाजत होतो.

ते ऐकल्यावर मीनल आणि मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून जुनी व्याख्या मोडायला घेतली. अंतर गेलं. स्पर्श गेला. नातंही गेलं. उरलं ते इतकंच: रुग्णाने कुठल्याही तऱ्हेने हाक दिली तर त्याला समजेल असं उत्तर मिळणं, आणि ते मिळेल अशी त्याला खात्री असणं. ती शेजारच्या आजोबांना लावून पाहिली. त्यांनी हाक मारली की मुलगे हात दाबून म्हणायचे, "चुप रहो बाबूजी, लोग सो रहे हैं." आजोबा व्याख्येबाहेर गेले. आमच्या गोड आजी आत राहिल्या, त्यांची लेक उत्तर देणारी होती. मीनल म्हणाली, "मॅडम, आता बसून राहिलं सगळं." मला त्या पायरीवरून उठावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात थोडे दिवस असे येतात की आपलं काम आणि समोरचा माणूस एका जागी येतात.

साहेबांकडे मात्र ते एका जागी आले नाहीत. नवी व्याख्या त्यांनी नीट वाचली, दोनदा वाचली. मग म्हणाले, "मैडम, फाटक पर चौकीदार खड़ा है, दार्शनिक नहीं. वो कैसे जांचेगा कि किसकी खांसी का जवाब कौन दे रहा है?"

अभ्यासाला नेमकी बसणारी व्याख्या फाटकाला बसेलच असं नाही, हे मी त्या खोलीत उभ्याउभ्या शिकले. मी फक्त म्हटलं, "तो फिर दाऊ?" साहेब उठले, माझ्याबरोबर वॉर्डात आले, खिडकीशी पाठमोरे उभे राहिले. खोकला आला, बांगडी वाजली. ते परत गेले आणि बहूच्या पासावर लिहून दिलं की संशोधनाच्या कामासाठी व्हरांड्यात बसणं आवश्यक. म्हणजे कागदोपत्री थर्मामीटर, वजनकाटा आणि बहू ही मीनलच्या अभ्यासाची साधनं झाली. मी हे बहूला समजावून सांगितलं. तिने मान डोलावली आणि लोटा घासायला घेतला.

नियम राहिला. व्हरांडा स्वच्छ राहिला आणि पुढे जखमाही कमी चिघळल्या, हे मला लिहिलंच पाहिजे. पण त्या सकाळी बहूबरोबर आणखी कोण कोण उठवलं गेलं, त्यांच्यातलं कोण कुणाला कसं उत्तर देत होतं, ते आम्ही शोधलं नाही. शोधायचं सुचलं तोवर ते गावोगाव गेले होते. तेही येतात गच्चीवर. पथारी पसरतात, मटार सोलतात, माझ्याकडे काही मागत नाहीत. त्यांचं मला वाईट वाटतं आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

दाऊ बरे होऊन गेले. काठी टेकत, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. व्हरांड्याच्या दाराशी आल्यावर ते थांबले आणि खाकरले. बाहेर बहूने गाठोडं उचललं, लोटा वाजवला आणि खांबाआड झाली. मग ते बाहेर पडले.

पुढे मी निवृत्त झाले. मीनल सिहोऱ्याजवळच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकवू लागली. दोन वर्षांमागे थंडीत तिने मला मुलींशी बोलायला बोलावलं. बोलणं झालं, आणि परतायला वेळ होता तेव्हा तीच म्हणाली, "मॅडम, दाऊंकडे जायचं का?" आम्ही ऑटो करून गेलो. दोन्ही बाजूंना मटारची शेतं, वर फिकट ऊन, बोललं तर आवाज लांबवर जाईल अशी शांतता. मला ऑटोतच डुलकी लागली.

दाऊंचे भाऊ बांधावर भेटले. त्यांनी आम्हाला ओळखलं, मुंडासं सोडून पुन्हा बांधलं, आणि म्हणाले, "दाऊ तो नहीं रहे. पिछले जाड़े में." मग घराकडे बोट दाखवलं. "घरवाली भीतर है, आप चलिए, मैं आता हूँ."

घराचं दार उघडं होतं. आत अंधार. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मला हाक मारता येत नाही. तिचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पासावर बहू, अभ्यासात बहू. आपल्या सुनेला म्हणावं तसं मी तिला बहू म्हणू शकत नव्हते. काय करावं न सुचून मी घसा साफ केला. नुसती खाकरले.

आतून लोटा वाजला. लगेच, एकदाच.

मीनलने माझा दंड घट्ट धरला होता. मग बहू बाहेर आली, पदर खाली ओढलेला. आम्ही बायका आहोत हे पाहून तिने तो मागे सारला. मी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. माझ्या मनात होता त्यापेक्षा वयस्क, हनुवटीवर गोंदण, डोळे भरलेले.

"हाथ अपने आप चला गया, दीदी," ती म्हणाली. "दाऊ के बाद देहरी पे कोई खांसता नहीं. वो तो सीधे चले आते हैं."

तिने आम्हाला बसवलं, चुलीत भाजलेले मटार दिले. चहा करता करता ती पाठमोरीच बोलत होती. "सब कहते थे, बहू दाऊ को संभालती है. दिन भर हम इस घर में अकेले रहते थे, दीदी. कभी डर नहीं लगा." आणि चहात गूळ घालून ती ढवळत राहिली.

मीनलने माझ्याकडे पाहिलं. ती मराठीत बोलली, बहूला कळू नये म्हणून असेल. "मॅडम, आपण हाक मारणाऱ्याचीच सोबत लिहिली. उत्तर देणारीची राहून गेली."

"मग लिही."

"थीसिस तर केव्हाच बाइंड झाली."

"मुलींना शिकवते ना? मग त्यांना तरी पुरं शिकव," मी म्हटलं.

निघताना मी बहूला नाव विचारलं. तिला हसू आलं, तिने तोंडावर पदर धरला. "कुसुम," म्हणाली, जरा आठवल्यासारखं. मी ते नाव मनात दोनदा म्हणून ठेवलं. ती भांडी उचलून आत गेली. आम्ही अंगणात उतरलो. आता नाव ठाऊक होतं, तेव्हा येते गं कुसुम, असं मागे वळून म्हणायचं मी ठरवलं होतं. पण उंबऱ्याकडे तोंड केलं आणि मी खाकरले.

आतून लोटा वाजला.